पेरीनं खेळ सोडला नाही, क्लब सोडला

पत्र, थोडं छाटून :

‘ताई, मी कोल्हापूरची. वय १९, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळतो. फुटबॉलला लेफ्ट विंग. क्लबकडून हंगामाचं थोडं मानधन मिळतं, किट आणि प्रवास त्यांचा. डाव्या पायानं कॉर्नर घ्यायला उभा राहिलो की बाकी सगळं विसरतो. मागच्या हंगामात एक कॉर्नर थेट जाळ्यात गेला होता, अजून झोपेत दिसतो. क्रिकेटमध्ये मध्यमगती बॉलिंग टाकतो, जिल्ह्याकडून खेळतो. यंदा निवड चाचणीला पुण्याला बोलावलंय. फुटबॉलचे सर म्हणाले, “पंधरा दिवसांत सांग, हे का ते. अर्धी पोरगी मला नको.” क्रिकेटच्या सरांना मी अजून फुटबॉल खेळतो हे माहीतच नाही. बाबा म्हणतात क्रिकेट धर, त्यात पैसा आहे. आई म्हणते दोन्ही बास झालं, पोलीस भरतीचं बघ. एलिस पेरी ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही खेळली. तिला जमलं तर मला का नाही? मी हट्टी आहे का मूर्ख, एवढं सांगा. डाव्या नडगीत रात्रीचं दुखतं, पण ते जाऊ दे. बाबा पेठेच्या टीमसाठी शाहू स्टेडियमवर घसा फोडतात, माझी एकपण मॅच त्यांनी बघितली नाही.
— दोन बूटवाली’

दोन बूटवाली,

तुझं ‘खेळतो’, ‘टाकतो’ मी तसंच छापायला सांगितलं. मुद्रितशोधकांनी लाल पेन उघडलं होतं. त्यांना म्हटलं, राहू द्या, कोल्हापुरात मुली असंच बोलतात आणि त्यात काही बिघडत नाही.

पेरीचं नाव तू काढलंस, तर तिच्यापासूनच सुरू करू. एलिस पेरी सिडनीची. २२ जुलै २००७ ला डार्विनमध्ये न्यूझीलंडविरुद्ध ती ऑस्ट्रेलियाकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली. तेराव्या दिवशी, ४ ऑगस्टला, ती ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघात हाँगकाँगविरुद्ध उतरली आणि दुसऱ्याच मिनिटाला तिनं गोल केला. वय १६. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला पाहुणे विचारतात, क्लास कुठला लावलास.

ऑस्ट्रेलियाकडून ती १८ फुटबॉल सामने खेळली. त्यातला एक तुझ्यासारखीनं शोधून बघावा असा आहे : २०११ चा विश्वचषक, जर्मनीतलं आउग्सबुर्ग, स्वीडनविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी. ऑस्ट्रेलिया दोन गोलांनी मागे. कॉर्नरवरून आलेला चेंडू पेरीनं पेनल्टी क्षेत्राबाहेर घेतला, वळली आणि डाव्या पायानं गोलच्या वरच्या कोपऱ्यात घातला. सामना ३-१ असा गेला, पण तो गोल राहिला. तुझा कॉर्नर तुझ्या झोपेत येतो ना, तसा हा गोल बऱ्याच ऑस्ट्रेलियन मुलींच्या झोपेत आला असणार.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१० मध्ये, बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत. शेवटचा चेंडू पेरीच्या हातात, न्यूझीलंडला जिंकायला पाच धावा हव्यात, चौकार गेला तर बरोबरी. सोफी डिव्हाइननं चेंडू सरळ हाणला. पेरीनं फॉलो-थ्रूमध्ये उजवा पाय आडवा घातला, चेंडू बुटाला लागून मिड-ऑनकडे गेला, तिथं उभी होती लिसा स्थळेकर. एकच धाव निघाली आणि ऑस्ट्रेलिया तीन धावांनी जिंकली. लिसा म्हणजे जन्मानं पुण्याची, ‘श्रीवत्स’ अनाथाश्रमातून दत्तक गेलेली. फुटबॉलच्या पायानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकून दिला, असं ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात. मला ते जरा गोडच वाटतं. तशा वेळी कुठल्याही बॉलरनं पाय घातलाच असता. पण पाय कुठं घालायचा आणि चेंडू कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज तिच्या अंगात होता, एवढं मानायला माझी हरकत नाही.

हा झाला मोबाइलवर बघायला मिळणारा भाग. आता त्यामागचा बघ.

पेरी फुटबॉल खेळायची ती ऑस्ट्रेलियाच्या महिला लीगमध्ये : आधी सेंट्रल कोस्ट मरिनर्स, मग कॅनबेरा युनायटेड, मग सिडनी एफसी. तेव्हा ती लीग अर्धव्यावसायिक होती. म्हणजे तुझ्यासारखंच, पैसे मिळायचे पण त्यावर घर चालायचं नाही. कुणी शिकायचं, कुणी नोकरी करायचं. पेरी स्वतः सिडनी विद्यापीठात शिकत होती. आणि दोन्ही खेळांचा हंगाम तिकडच्या उन्हाळ्यातच, एकमेकांच्या अंगावर. त्यामुळे सकाळी इकडे सराव, संध्याकाळी तिकडे सराव, आणि शनिवार-रविवारी दोन कर्णधार एकाच मुलीची वाट बघतायत, असा प्रकार.

२०१२ मध्ये कॅनबेरानं तिला नेमकं तेच विचारलं जे तुझ्या सरांनी तुला विचारलंय : हे का ते? तेव्हा ती पाच वर्षं दोन्ही संघांत होती, दोन विश्वचषकांत नाव झालेलं होतं, आणि तरीही प्रश्न आलाच. तिनं खेळ सोडला नाही. क्लब सोडला. क्रिकेटसकट आपल्याला घेईल अशा सिडनी एफसीकडे गेली.

तुझ्या पत्राला मला एकच वाक्य छापायला जागा असती तर मी हेच छापलं असतं. पण जागा आहे, आणि गोष्ट इथं संपतही नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ती मुंबईत होती. ब्रेबॉर्नवर एकदिवसीय विश्वचषकाची अंतिम लढत, समोर वेस्ट इंडीज, आणि पेरीचा घोटा दुखावलेला. पहिल्याच षटकात रनअपमध्ये मध्येच थांबावं लागलं. मग धावत आली ती आलीच : १० षटकं, १९ धावा, ३ बळी. ऑस्ट्रेलिया ११४ धावांनी जिंकली. नंतर त्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. देशाकडून तिचं फुटबॉल त्याच वर्षी संपलं. क्लब फुटबॉल २०१५-१६ च्या हंगामापर्यंत चाललं, आणि त्याच हंगामात महिलांची बिग बॅश, म्हणजे तिकडची टी-ट्वेंटी क्रिकेट लीग, सुरू झाली. बिग बॅशमध्ये ती सिडनी सिक्सर्सची कर्णधार होती. महिने तेच, शहर तेच. तुला काय वाटतं, मग कुठला बूट माळ्यावर गेला असेल? २०१७ मध्ये नॉर्थ सिडनीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तिनं नाबाद २१३ केल्या तेव्हा ती फक्त क्रिकेटर होती.

आता ‘तिला जमलं तर मला का नाही’ या प्रश्नाचं माझं उत्तर ऐक. तिला जमलं कारण ती विलक्षण होती, हे खरंच. पण त्या काळी दोन्ही खेळांत बायकांना पैसे कमी होते, म्हणूनही जमलं. ज्या खेळात पैसा कमी असतो तो खेळ तुझ्या सगळ्या वर्षावर हक्क सांगू शकत नाही. बिग बॅश आली, २०१७ च्या करारानं ऑस्ट्रेलियात महिला क्रिकेटरांचं मानधन खूप वाढलं, आणि दार लागलं.

पुरुषांचं हेच आधी होऊन गेलंय. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट खेळणाऱ्यांची मोठी रांग होती. लोक त्याला अष्टपैलूपणा म्हणतात, आणि होताच तो, पण पोटही होतं. १९६१ पर्यंत तिकडे फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. मग उन्हाळ्यात काउंटी क्रिकेट खेळून कमाईची भर घालायला कोण नाही म्हणेल? आर्थर मिल्टन आर्सेनलकडून खेळायचा, १९५१ मध्ये इंग्लंडकडून एक फुटबॉल सामना खेळला, १९५८ मध्ये हेडिंग्लीला कसोटी पदार्पणात शतक ठोकलं. दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळलेला तो शेवटचा पुरुष. निवृत्तीनंतर ब्रिस्टलमध्ये सायकलवरून टपाल वाटायचा. एप्रिल २००७ मध्ये तो गेला, आणि तीनच महिन्यांनी पेरी डार्विनमध्ये मैदानात उतरली. नुसता योगायोग आहे, पण मला सांगावासा वाटला.

आणि ख्रिस बाल्डरस्टोनची गोष्ट तर तुला सांगितलीच पाहिजे, सरांना सांगायला उपयोगी पडेल. १५ सप्टेंबर १९७५. दिवसा चेस्टरफील्डला लेस्टरशायरकडून डर्बीशायरविरुद्ध फलंदाजी, खेळ संपला तेव्हा ५१ नाबाद. टॅक्सीत बसून सुमारे ३० मैलांवरचं डॉनकास्टर गाठलं, संध्याकाळी डॉनकास्टर रोव्हर्सकडून ब्रेंटफर्डविरुद्ध फुटबॉलचा लीग सामना खेळला, १-१ बरोबरी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चेस्टरफील्ड, शतक पूर्ण, शिवाय तीन बळी, आणि लेस्टरशायर पहिल्यांदा काउंटी विजेते. पुढच्या वर्षी तो इंग्लंडकडून दोन कसोटीही खेळला. मात्र बाळा, हे ऐकून ‘एका दिवसात दोन सामने’ असलं काही डोक्यात घेऊ नकोस. तो ३४ वर्षांचा होता, मुरलेला होता, आणि फलंदाज होता. तू १९ वर्षांची बॉलर आहेस आणि तुझी नडगी दुखते.

नडगीकडे येते. तू ‘ते जाऊ दे’ म्हणालीस, मी जाऊ देणार नाही.

पळताना दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, ते वेगळं. पडल्या पडल्या, रात्री झोपेत दुखतं, ते वेगळं. रात्रीची नडगी म्हणजे हाडाला बारीक चीर जात असण्याची शंका घ्यायची. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही खेळ खेळतेस हे त्यांना सांग. आणखी एक विचारते, लाजू नकोस : पाळी वेळेवर येते का? खूप खेळणाऱ्या आणि त्यामानाने कमी खाणाऱ्या मुलींची पाळी चुकायला लागते आणि हाडं कच्ची पडतात. दोन सराव करून कॉलेजच्या कँटीनमधल्या एका वड्यावर दिवस काढणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. हे सगळं डॉक्टरांपुढे बोल. आईला बरोबर ने, हे तिला समजेल.

हे मी एवढं ताणून का सांगते? १७ व्या वर्षी मी खो-खो आणि अडथळ्यांची शर्यत दोन्ही करायचे. दोघा प्रशिक्षकांना एकमेकांचा पत्ता नव्हता, म्हणजे मीच लागू दिला नव्हता. सकाळी एका मैदानावर मरेस्तोवर, संध्याकाळी दुसऱ्यावर मरेस्तोवर. दुखायला लागलं तर दोघांपैकी कुणाला सांगणार? एकाला सांगितलं तर दुसरं फुटणार. लपवलं. एका निवडीच्या सकाळी गरम होता होता पाय टेकवेना. चार महिने घरी. शाळेनं माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि नंतर परत काही बोलावलं नाही. मला त्या शाळेचा राग पुष्कळ वर्षं होता. आता हिशेब करते तेव्हा निम्मी चूक माझ्या खात्यात टाकावी लागते.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट फुटबॉलच्या सरांचा दम नाही. क्रिकेटच्या सरांना तू फुटबॉल खेळतेस हे माहीत नाही, ती आहे. ते तुला नेटमध्ये सहा षटकं टाकायला लावतात तेव्हा त्यांना वाटतं पाय ताजे आहेत. ते ताजे नसतात. तरुण मध्यमगती आणि वेगवान बॉलरांच्या पाठीचा कणा अशानंच चिरतो, आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्याचा लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. दोन खेळांचे दोन धोके तू एका शरीरावर घेतेस आणि दोघांपैकी एकालाही पूर्ण बेरीज माहीत नाही. एक वही कर. रोज किती चेंडू टाकले, किती वेळ पळालीस, रात्री कुठं दुखलं, तीन रकाने. दोघा सरांना ती वही दाखवायची. एका आठवड्यात आकडा अचानक वर गेला की पुढच्या आठवड्यात कमी.

आता बाबा. ‘क्रिकेटमध्ये पैसा आहे’ हे खरं आहे, पण कुणासाठी ते बघ. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीग लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. पेरी १ कोटी ७० लाखांना त्याच संघात आली, आणि २०२४ मध्ये सांगलीकर कर्णधाराच्या हाताखाली ३४७ धावा करून त्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त धावांचा मान तिनं घेतला, संघ विजेता झाला. भारताकडून खेळलं तर आता सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच आहे : एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. हे आकडे बाबांच्या डोळ्यापुढे असणार. पण त्या लीगचे संघ पाच, एका संघात जास्तीत जास्त १८ जणी, त्यातल्या पाच-सहा परदेशी. म्हणजे अख्ख्या देशातून साधारण साठ मुली. तुझ्या कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, तेव्हा वाट आहे, नाही असं नाही. पण ती वाट आधी पुण्याच्या चाचणीतून, मग राज्याच्या संघातून, मग बऱ्याच हंगामांतून जाते. जिल्ह्याच्या संघातून थेट लिलावात कुणी उडी मारत नाही.

फुटबॉलमध्ये पैसा आणखी पातळ आहे, ते तुझं मानधन बघून तुला माहीत आहे. महिलांची राष्ट्रीय लीग २०१६-१७ पासून आहे, कोल्हापूरचा संघही तीत खेळून आलाय, तरी ती अजून घर चालवण्याच्या पातळीची झालेली नाही. आणि हाच तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे. पेरीच्या वेळी दोन्ही दारं अर्धी उघडी होती. तुझ्या वेळी क्रिकेटचं दार लागत आलंय, म्हणजे आत गेलीस तर ते तुझं वर्ष मागणार. फुटबॉलचं अजून सताड उघडं आहे, कारण आत फारसं काही ठेवलेलं नाही.

आई काही चुकीचं बोलत नाहीये. भरतीचा विषय तिनं काढला तर तोंड वाकडं करू नकोस. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते आणि प्रत्येक स्पर्धा त्यात धरली जात नाही. विभागीय क्रीडा उपसंचालकांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. आईला घेऊन जा आणि विचार : माझ्या दोन खेळांतल्या कुठल्या स्पर्धा, कुठल्या पातळीला धरतात? उत्तर लिहून घे. तुझ्या निर्णयात हा कागद सरांच्या दमापेक्षा वजनदार ठरेल. रेल्वेचंही लक्षात ठेव. आपल्या देशातल्या कितीतरी महिला क्रिकेटर रेल्वेच्या नोकरीवर जगल्या आणि खेळल्या.

आता तू कुठला खेळ धरावास? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. क्रिकेटबद्दल तू लिहिलंस की चाचणीला बोलावलंय. फुटबॉलबद्दल लिहिलंस की कॉर्नरला उभी राहिलीस की सगळं विसरतेस. जीव कुठं आहे ते तुझ्या शाईनंच सांगितलं. संधी मात्र दुसरीकडे आली आहे. अशा वेळी ‘मनाचं ऐक’ असं सांगून पत्र संपवणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही, कारण तू १९ वर्षांची आहेस आणि मन अजून बदलायचं आहे. जेमिमा रॉड्रिग्ज हॉकीत महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघातून खेळली होती. तिचाही जीव दोन्हीकडे होता. शेवटी बॅट धरली, आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून भारताला अंतिम फेरीत नेलं. समोरच्या संघात त्या दिवशी पेरीच होती, ७७ धावा काढलेली. लहानपणी दोन-दोन खेळ खेळलेल्या दोघी एका मैदानावर, आणि दोघींच्या हातात बॅट.

उलट बाजूचंही एक सांगते, बाबांना आवडेल. चुनी गोस्वामींनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं सुवर्ण जिंकून दिलं, कर्णधार म्हणून. दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवलं. क्रिकेटमध्ये ते भारताकडून खेळले नाहीत, पण १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. म्हणजे एक आटोपून दुसरं, असंही करता येतं. फक्त तो काळ वेगळा होता, आज पंचविशीत क्रिकेट गंभीरपणे सुरू करणाऱ्या बॉलरला कोण विचारणार?

म्हणून तुझ्यासाठी माझं मत असं. हा हंगाम क्रिकेट पहिलं, फुटबॉल दुसरं. आयुष्यभरासाठी नाही, हा हंगाम. कारण क्रिकेटमध्ये वयोगटाची शिडी आहे. १९ खालची पायरी तुझी गेली, २३ खालची अजून आहे, ती चार वर्षांत जाईल. लेफ्ट विंगला कुणी तुझा जन्मदाखला मागत नाही. चाचणीत निवड झाली, तर पुढचं वर्ष क्रिकेटचं आणि फुटबॉल जमेल तेवढं. नाही झाली, तर पुढच्या हंगामात क्रम उलटा, आणि तेव्हा मागे वळून बघायचं नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर हे सगळं दोन-तीन महिने पुढे. त्यात चाचणी हुकली तरी हुकू दे.

आणि फुटबॉलच्या सरांकडे ‘हे का ते’चं उत्तर घेऊन जाऊच नकोस. तारखा घेऊन जा. एका कागदावर दोन्हीकडच्या सामन्यांच्या तारखा लिही, कुठं भिडतात त्याला गोल कर. माझा अंदाज आहे, गोल पाच-सहाच निघतील. सरांना म्हण : ‘सर, एवढे दिवस मी नाही. बाकी सगळे दिवस पूर्ण आहे, आणि पाय दुखला तर लपवणार नाही.’ बऱ्याच प्रशिक्षकांचा राग दोन खेळांवर नसतो, ऐनवेळी फोन बंद असण्यावर असतो. कागद बघून ते नरमले तर उत्तम. नाहीच नरमले, तर त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांनाही अकरा जणींचा संघ उभा करायचा आहे. नमस्कार कर आणि दुसरा क्लब बघ. कोल्हापुरात बघायला मिळेल, ते काही फुटबॉल न समजणारं गाव नाही. क्रिकेटच्या सरांना मात्र पुण्याला जायच्या आधी सांग. तिथं कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर निस्तरायला तुला वेळ मिळायचा नाही.

तू हट्टी आहेस. मूर्ख नाहीस. नडगीचं लपवत राहिलीस तर दुसऱ्या शब्दाचा फेरविचार करेन.

राहिले बाबा. पेठेच्या टीमसाठी ओरडणारा माणूस मुलीच्या सामन्याला येत नाही, यात मला दुष्टपणा दिसत नाही. बहुतेक त्यांना गॅलरीत कुठं बसायचं आणि कुणाबरोबर ओरडायचं हेच कळत नसावं. पुढच्या घरच्या सामन्याची वेळ त्यांना चार दिवस आधी सांग, आणि ‘या’ एवढंच म्हणू नकोस. सांग की दुसऱ्या हाफमध्ये मी डाव्या कोपऱ्यातून कॉर्नर घेते, तुम्ही त्याच बाजूला उभे राहा, आणि चेंडू कुठं टाकायचा ते बाहेरून ओरडून सांगा. पेठेच्या टीमसाठी गॅलरीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला असं काम दिलं की तो चप्पल घालायच्या आधी घराबाहेर पडतो.